म्हशीला नवे पाय

मंगळवारी सकाळी साडेदहाला मेहुण्याचा फोन आला तेव्हा मास्तर एका कोटाला डावी बाही जोडत होते. मेहुण्याला दोनदा सांगावं लागलं. मास्तर "बरं" म्हणाले, फोन खाली ठेवला आणि उरलेली बाही जोडून टाकली. मशीन अर्ध्यावर थांबवायची त्यांना सवय नव्हती. मग दोरा तोडला, दिवा बंद केला, दुकानाचं शटर ओढलं आणि दवाखान्याकडे चालत निघाले.

त्यांच्या बायकोला बाजारातून गाडी नेताना छातीत दुखायला लागलं होतं. तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि समोरच्या फळवाल्याला हाक मारून पाणी मागितलं. तो पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. जाताना बाईंनी कुणाची वाट अडवली नाही, असं पुढे कितीतरी दिवस लोक घरी येऊन सांगत होते. मास्तर मान हलवत. मनात म्हणत, अडवली असती तरी चाललं असतं.

मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर, आणि त्यामागे अंगण. मास्तरांनी चौतीस वर्षं पुढच्या खोलीत काढली आणि बायकोने एकोणीस वर्षं मागच्या अंगणात आणि डोंगरावर. ती मधमाशा पाळायची. गावात तिला मधवाली म्हणत. डोंगरावरच्या फळबागेत तिच्या अकरा पेट्या होत्या, आणि तिकडे जायला एक जुनी, काळी, चारही चाकांना जोर मिळणारी पिकअप गाडी होती. चढावर कुथायची आणि चिखल दिसला की त्यात रमायची, म्हणून गाडीचं नाव म्हैस.

एकोणीस वर्षांत मास्तर एकदाही पेट्यांपर्यंत गेले नाहीत. ती दर हंगामाला म्हणायची, "या रविवारी चला." रविवारी नेमका कुणाचा तरी लग्नाचा सूट द्यायचा असे. सूट खरा असे, पण कारण वेगळं होतं. मास्तर मधमाशांना भीत. दिवसातून दहा वेळा सुई टोचली तरी हूं की चूं नाही, पण माशी नुसती कानाशी आली तरी दुकानातल्या दुकानात त्यांची पळापळ व्हायची. बायकोला हे ठाऊक होतं. ती रविवारच्या सूटवर विश्वास ठेवल्यासारखं दाखवायची. त्याला संसार म्हणतात.

दोन महिने म्हैस अंगणात उभी राहिली. मग फळबागेच्या बागवानाचा फोन आला. झाडांवरचा फुलोरा संपला होता, महिनाअखेरच्या सोमवारी औषधाची फवारणी होणार होती, आणि त्याआधी पेट्या हलवल्या नाहीत तर एक माशी जगणार नव्हती. दुसऱ्या गावी शाळेत शिकवणारी मुलगी असल्या बाबतीत तत्पर होती. तिने एका मधाच्या व्यापाऱ्याशी बोलून ठेवलं. व्यापारी रविवारी स्वतःचा ट्रक घेऊन येईल, अकराही पेट्या उचलेल आणि जाताना म्हैसही घेऊन जाईल.

मास्तर म्हणाले, पेट्या मी आणतो.

मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही पेटीला हात तरी लावलाय का कधी?"

"अंगणात लावलाय."

"अंगणातल्या रिकाम्या असतात."

"भरल्यावर काय, माशाच असतात ना आत? माशीला वजन ते काय असणार."

शेवटी बापलेकीत ठरलं ते असं. रविवारच्या आत मास्तरांनी पेट्या खाली आणल्या तर पेट्याही राहतील आणि म्हैसही राहील. नाहीतर व्यापारी. मुलीने हे रागाने नाही, काळजीने ठरवलं होतं. एका वर्षात आईबाप दोन्ही घालवायची तिची तयारी नव्हती, आणि हे तिने तसंच, याच शब्दांत सांगितलं. मास्तरांना ते पटलं. पण पेट्या परक्याच्या ट्रकमध्ये चढताना पाहणं त्यांना जमणार नव्हतं, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

अडचण रस्त्याची होती. बागेपर्यंत नऊ किलोमीटर. पहिले सात शहाण्या माणसाचे, शेवटचे दोन नुसत्या खडकातले. त्यात एके ठिकाणी दोन चाकोऱ्यांच्या बरोबर मधोमध एक दगड वर आला होता. त्याच्यावरून गेलं की गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा, ज्यातून चाकांना जोर जातो तो, हमखास घासायचा. त्या दगडाला मास्तरांच्या बायकोने सासू असं नाव ठेवलं होतं. कारण काहीतरी बोलल्याशिवाय पुढे जाऊच द्यायची नाही. हे नाव तिने खऱ्या सासूच्या हयातीत ठेवलं होतं आणि तिच्या तोंडावर सांगितलं होतं. म्हातारी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली होती. घरी आल्यावर बायको सांगायची, "आज सासूने पोट खरवडलं." आणि गेली चार वर्षं म्हणत होती, गाडी थोडी उचलून घेऊ, टायर मोठे घालू. मास्तर म्हणायचे, हा हंगाम जाऊ दे.

फवारणीच्या आधीच्या सोमवारी सकाळी मास्तर मेहुण्याला शेजारी बसवून म्हैस घेऊन निघाले. गाडी त्यांना चालवता यायची, पण चौतीस वर्षं पायमशीन चालवलेला पाय, तो एक्सिलरेटरही टाचेने-चवड्याने हलवायचा. गाडी टाके घातल्यासारखी चालली. सासूपाशी पोचल्यावर आधी खर्र आवाज आला, मग ठण्ण असा, आणि मग म्हैस मधल्यामध्ये बसली. ना पुढे, ना मागे. मेहुण्याने खाली उतरून ढकललं, दगड लावले, स्वतःच्या बहिणीची क्षमा मागितली, आणि अर्ध्या तासाने उलट्या गिअरमध्ये सुटून ते घरी आले.

मास्तरांच्या लक्षात एक गोष्ट आली. एकोणीस वर्षं ती इथून जात होती ती कुठलं चाक कुठे ठेवायचं हे माहीत होतं म्हणून. घासायची, पण अडकायची नाही. ते कसब विकत मिळत नव्हतं. टायर मिळत होते.

त्याच दुपारी मास्तर एकटेच सायकलवर परत सासूपाशी गेले. गळ्यातला टेप काढला आणि तिचं माप घेतलं. चाकोरीपासून उंची नऊ इंच. घरी येऊन म्हशीखाली आडवे झाले आणि गोळ्याचं माप घेतलं. जमिनीपासून साडेआठ. अर्धा इंच कमी. कपड्यात अर्धा इंच म्हणजे गिऱ्हाईक पैसे देईल की भांडेल एवढा फरक असतो, त्यामुळे मास्तरांना त्या अर्ध्या इंचाचं महत्त्व कुणी समजावून सांगायला नको होतं.

गावाच्या टोकाला टायरचं दुकान होतं. मालकाला सगळे पैलवान म्हणत. अंगाने तो वाळलेल्या शेंगेसारखा होता, पण ट्रकचं चाक एका हाताने घरंगळत नेताना त्याच्याकडे पाहिलं की नावाबद्दल कुणी शंका काढत नसे. दुकानात रबराचा वास, भिंतीला टायरांच्या चळती, आणि मधे एक लांब बाक, ज्याच्यावर काम नसलेली माणसं बसून काम असलेल्यांना सल्ला देत. मेहुणा आल्याआल्या त्या बाकावर बसला, म्हणजे योग्य जागी बसला.

मेहुणा वीज कार्यालयात कारकून. डांबरी रस्ता सोडून त्याने आयुष्यात चाक खाली घातलं नव्हतं, पण रोज जेवताना तो मोबाईलवर डोंगरदऱ्यांतून उड्या मारणाऱ्या गाड्या बघायचा. त्यामुळे त्याला सगळं येत होतं. त्याचं म्हणणं, तेहतीस इंची टायर घाला, मोठ्या मोठ्या खाचांचे, चिखलाचे. चार इंच गाडी उचला. टायरच्या आत अलॉयच्या काळ्या डिस्क बसवा, बाहेर आलेल्या, म्हणजे गाडी कशी छाती काढून उभी राहील. मग दहा सासवा येऊ देत.

"नाकापेक्षा मोती जड व्हायचा," पैलवान म्हणाला. "एवढी चाकं फिरवायला या म्हशीच्या अंगात जोर नाही. चढावर मरेल."

मेहुणा म्हणाला, मग टायर राहू द्या, नुसती उंच करा. चार इंच उचलली की गोळा आपोआप चार इंच वर जाईल.

यावर पैलवान काही बोलायच्या आत मास्तर बोलले. दुकानात शिरल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते. म्हणाले, "पँट वर ओढून पट्टा बांधला म्हणून पाय लांब होतात का रे?"

पैलवानाने हातातला पाना खाली ठेवला आणि मास्तरांकडे नीट पाहिलं. गोळा चाकांच्या दांड्यावरच असतो. पाटे नि स्प्रिंग उंच केले की वरची गाडी उचलली जाते, गोळा राहतो तिथेच. तो उचलायचा तर चाकच मोठं पाहिजे. हे समजावून सांगता सांगता त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि हा शिंपी पहिल्या दिवशी एका वाक्यात सांगून मोकळा झाला. त्यानंतर त्या दोघांना मेहुण्याची गरज उरली नाही. दोघांचीही भाषा इंचाचीच होती.

हिशोब झाला. आत्ताचा टायर एकोणतीस इंची. एकतीस इंची घातला तर चाक दोन इंचांनी मोठं, म्हणजे गोळा एक इंच वर. साडेनऊ. सासू नऊ. अर्धा इंच सैल.

"फार कमी आहे," पैलवान म्हणाला.

"बाहीला एवढंच ठेवतो मी," मास्तर म्हणाले.

मग डिस्क. मास्तरांनी विचारलं, दगडावर आपटली तर कुठली टिकेल. पैलवान म्हणाला, अलॉय दिसायला राजा, पण आपटली की तडकते. लोखंडी वाकते, आणि वाकलेली हातोड्याने सरळ करता येते. बाहेर आलेली घेतली तर वळताना चाक मडगार्डला घासणार. तेव्हा लोखंडी, आणि आत्ता आहे तेवढीच आत बसणारी. मेहुण्याने बाकावरून एक सुस्कारा सोडला. टायरच्या खाचा किती खोल, यावर मास्तरांनी एक वेगळाच प्रश्न काढला. मोठ्या खाचांचा टायर रस्त्यावर आवाज करतो का? पैलवान म्हणाला, करतो की, भुंग्यासारखा घूं घूं. मग तो नको, मास्तर म्हणाले, मागे माशा बसणार आहेत, त्यांना आवाज आणि हादरा चालत नाही. हे त्यांना कसं माहीत, तर बायको जेवताना बोलायची आणि ते ऐकत नसल्यासारखे ऐकत असायचे. तेव्हा मधल्या खाचांचा, रस्त्यालाही चालेल आणि दगडालाही, पण बगलेला जाड असा टायर ठरला.

पैलवानाने सांगितलं, एवढा टायर बसायला गाडी थोडी तरी उचलावी लागेल. मास्तरांनी त्याला थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाकी कागदाची गुंडाळी काखेत मारून आले. त्यांनी खडूने कागदावर साडेपंधरा इंचांची दोरी फिरवून गोल काढला, कापला, दोन कागद एकावर एक चिकटवले आणि एकतीस इंची चाकाचा फर्मा तयार केला. म्हशीचं पुढचं चाक काढून त्या जागी फर्मा धरला. पैलवानाला स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवायला लावलं, मग उजवीकडे. गिऱ्हाइकाला नाही का आपण हात वर करा, पुढे घ्या, मागे घ्या म्हणत? मडगार्डची कमान म्हणजे मुंढा, कोटाला बाही जोडायची जागा. मुंढा कमी पडला की उभं असताना कोट छान दिसतो आणि हात वर केला की काखेत फाटतो. कागद पुढे दोन ठिकाणी अडला. मागच्या चाकाला बोटभरच जागा उरली. बाकावरची मंडळी उठून बघायला आली. चार म्हातारे आणि एक मेहुणा, सगळे कागदाच्या चाकाभोवती.

एक इंच उचललं तर बसतं, असं मास्तरांनी जाहीर केलं.

आता उचलायच्या दोन रीती होत्या. पुढच्या स्प्रिंगवर ठोकळा, तो दोन्हीत सारखाच. मागे मात्र कमानपाट्यात, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांत, एक जादा पाटा घालता येत होता. त्याने गाडी दोन इंच उचलली जाते आणि वजनही पेलतं, पण गाडी रिकामी असताना आपटते. नाहीतर पाटा जिला टांगलेला असतो ती कडी लांब करायची. त्याने इंचभर उचलली जाते, चाल मऊ राहते, पण वजनाला जास्तीचा आधार काही मिळत नाही. पैलवानाने सरळ विचारलं, मागे भरणार किती?

मास्तर म्हणाले, "अकरा पेट्या. पेटी दहा-बारा किलोची."

ते खोटं बोलत नव्हते. दर वसंतात अंगणात पेट्या वाळत घालताना त्यांनी त्या स्वतः उचलल्या होत्या. पैलवान म्हणाला, मग सव्वाशे किलो, म्हणजे दोन माणसं बसल्यासारखं, कडीच करा. शिवाय मास्तर बुटके. दोन इंच उचललेल्या गाडीत चढायला त्यांना स्टूल लागलं असतं, आणि हे बाकावरच्या एका म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत बोलून दाखवलं. मास्तरही हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले, आणि हे मेहुण्याच्या लक्षात आलं, म्हणून काळ्या अलॉयचा विषय त्याने तिथेच कायमचा सोडला.

बुधवारी संध्याकाळी म्हैस तयार झाली. मोठ्या चाकांवर ती जरा ऐटीत दिसत होती, म्हाताऱ्या बाईने नवी चप्पल घालावी तशी. पैलवानाने चाकं सरळ करून दिली आणि बजावलं, चाक मोठं झालं, आता वेगाचा काटा चाळीस दाखवेल तेव्हा गाडी चाळीसच्या थोडी पुढे असेल. मास्तर म्हणाले, मी चाळीसला जातच नाही.

गुरुवारी पहाटे ते निघाले. माशा पहाटे पेटीत असतात, थंडीने सुस्त असतात, तेव्हाच पेटीचं दार जाळीने बंद करायचं. मास्तरांनी बायकोचा पांढरा अंगरखा घातला होता. तो त्यांनीच शिवलेला, आणि शिवणीत दोन दोन बोटं कापड राखलेलं, कारण कुठलंही कापड कापताना पुढच्या वर्षांचा विचार करायची त्यांना सवय. आदल्या रात्री बाजू उसवून त्यांनी तो आपल्या पोटावर बसवला. हात मात्र लांब करावे लागले नाहीत. तिचे हात त्यांच्याएवढेच लांब होते, हे माप घेऊनही इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मेहुणा मोटरसायकलचं हेल्मेट आणि रेनकोट घालून आला होता.

सासूपाशी उजाडायला लागलं. मेहुणा उतरला, रेनकोटसकट जमिनीवर आडवा झाला आणि टॉर्च गोळ्यावर धरला. मास्तरांनी पहिला गिअर टाकला. पाय एकदाही न हलवता, एक लांब शिवण घालावी तसा एकसारखा ठेवला. पुढची चाकं गेली. मागची आली. मास्तर खर्रची वाट बघत राहिले. खर्र आलाच नाही.

मेहुणा उठला, हेल्मेटची काच वर केली आणि खिडकीपाशी आला. "दाजी, सासू काही बोलली नाही."

बाग वर सपाटीवर होती, झाडांच्या सरळ ओळी, आणि ओळींच्या शेवटी अकरा पांढऱ्या पेट्या. बागवान, सत्तरीचा ताठ माणूस, जाळ्या बसवून तयारच होता. त्याने मास्तरांचा अंगरखा ओळखला. म्हणाला, ते टोक धरा.

मास्तरांनी वाकून टोक धरलं आणि उचललं. म्हणजे उचलायला गेले. पेटी जागची हलली नाही.

"कंबरेत नको, गुडघ्यात वाका," बागवान म्हणाला. "आत मध आहे, मास्तर. चाळीस किलो आहे ही."

दुसऱ्या खेपेला उचलली गेली. गाडीपर्यंत वीस पावलं होती. मास्तरांनी ती मोजली, कारण बाराव्या पावलाला हात सुटतील असं वाटलं. पेटी गाडीत ठेवून ते कठड्याला धरून उभे राहिले. मेहुण्याला वाटलं, दम लागला. दमही लागला होता. पण मास्तर एकोणीस वर्षं गुणिले अकरा असा हिशोब करत होते. ती संध्याकाळी घरी येऊन पाठ चोळून दे म्हणायची, तेव्हा ते म्हणायचे, गाडीत बसूनच तर असतेस दिवसभर. एकदाच नव्हे, पुष्कळदा म्हणाले होते.

सात पेट्या चढल्या. आठवीला हात घालायच्या आत म्हशीचं मागचं अंग पुरतं खाली बसलं होतं. बागवान म्हणाला, जरा पुढे घेऊन बघा. दहा हात गेल्यावर एका खड्ड्यात मागून करकर आवाज आला आणि रबर जळल्याचा वास सुटला. मास्तर उतरले. मागचा टायर मडगार्डच्या कडेला चिकटला होता. कागदाच्या फर्म्याला जिथे बोटभर जागा होती तिथे आता नखसुद्धा शिरत नव्हतं.

मास्तर बघत राहिले. पँटचं माप घेताना ते आलेल्या प्रत्येक माणसाला विचारायचे, जेवून आलात का. जेवला नसेल तर कंबरेला पाऊण इंच जास्त धरायचे. चौतीस वर्षांत हा प्रश्न कधी चुकला नव्हता, आणि म्हशीचं माप त्यांनी उपाशी पोटी घेतलं होतं.

"ताई किती न्यायच्या एका वेळी?" मेहुण्याने बागवानाला विचारलं.

"चार. शेवटच्या खेपेला तीन. तीन दिवस लागायचे." बागवान मास्तरांकडे वळला. "तुम्हाला माहीत असेलच."

तीन दिवस जाते हे मास्तरांना माहीत होतं. इतक्या खेपा कशाला, हा प्रश्न त्यांनी बायकोला विचारलाही होता. ती म्हणाली होती, वर गार वारा असतो, मला आवडतं. मास्तरांनी ते खरं धरलं होतं. ते खरंही असावं. वर खरोखरच गार वारा होता.

दोन पेट्या परत उतरवल्या. त्यातल्या एकीची जाळी निसटली आणि पाचपन्नास माशा बाहेर आल्या. मेहुणा गाडीत शिरून काचा वर करून बसला आणि हेल्मेटमधून हातवारे करायला लागला. मास्तरांच्या दोन्ही हातांत पेटी होती, त्यामुळे पळता येईना. एक माशी डाव्या मनगटावर बसली, हातमोजा आणि बाहीच्या मधल्या उघड्या जागी, आणि चावली. मास्तरांनी पेटी खाली ठेवली, मनगट बघितलं आणि बागवानाला म्हणाले, "एवढंच?"

"आणखी काय पाहिजे?"

"नाही, मी जास्त समजत होतो."

उरलेल्या सहा पेट्यांची दारं बागवानाने पुन्हा उघडली. ऊन वर आलं तशा माशा ओळीने बाहेर पडायला लागल्या, आणि मास्तर जरा वेळ तिथेच उभे राहिले. मेहुण्याला दहाला कार्यालय गाठायचं होतं. तो दोनदा खोकला, मग गप्प बसला.

पाच पेट्या घेऊन म्हैस उतरली. मागच्या चाकावर बोटभर जागा होती, मास्तरांनी दोनदा थांबून तपासली. सासूवरून जाताना गोळा न घासता सुटला. उतारावर, वळणांवर, शेवटच्या सात किलोमीटरमध्ये मागून फक्त एक बारीक गुणगुण येत होती, आणि ती टायरची नव्हती.

अंगणात पेट्या उतरवून झाल्यावर मुलीचा फोन आला. मामाने आधीच कळवलं असणार, कारण तिने कसे आहात हे विचारलं नाही.

"किती आणल्या?"

"पाच."

"बाबा, अकरा आहेत."

"तुझी आई तीन खेपा करायची," मास्तर म्हणाले. "मला कारण माहीत नव्हतं. आज कळलं."

मुलीने विचारलं, शनिवारी सकाळी शाळेला सुट्टी आहे, दुसरं टोक धरायला येऊ का. मास्तर म्हणाले, ये, पण गुडघ्यात वाकावं लागतं. आणि व्यापाऱ्याला तू कळवतेस की मी कळवू, असंही विचारलं. ती म्हणाली, सगळ्या खाली येऊ द्या, मग बघू.

मास्तर दुकानात आले, शटर वर केलं आणि मशीनवर बसले. डावं मनगट सुजलं होतं, पण कापड धरता येत होतं. उद्याची खेप पहाटे चारला निघायची होती, आणि परवाची. रविवारला तीन दिवस होते. सहा पेट्या अजून वर होत्या.